उपासनेंतील गीत कोण निवडतो?

कोणत्याही ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेंत चार-पांच गीतें गाइलीं जातात, आणि तीं कोणतीं असावीं हें कोणी तरी आधीं ठरविलेलें असतें. ऐकणारास हें काम क्षुल्लक वाटतें. पाळकास उपदेश तयार करतांना जे श्रम पडतात त्यांच्या मानानें गीतांची चिठ्ठी लिहिणें म्हणजे काय मोठेंसें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु उपदेश बहुधा मंगळवारपर्यंत विसरला जातो, आणि गीत मात्र जन्मभर ओठांवर राहतें. धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचण्यास ज्यांना सवड नाहीं त्यांचें धर्मज्ञान पुष्कळ अंशीं त्यांच्या गाण्यांतूनच आलेलें असतें. दुःखाच्या प्रसंगीं त्यांच्या तोंडीं येणारे शब्दही तेथलेच असतात. तेव्हां गीत निवडणाराच्या हातीं जी सत्ता असते ती लहान नव्हे. ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, आणि आज ती कोणाकडे आहे, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

अमेरिकेंत व इतर इंग्रजीभाषी देशांत हल्लीं ही चिठ्ठी पुष्कळ ठिकाणीं कागदावर लिहिली जात नाहीं. आठवड्याच्या मध्यावर गायनाचा प्रमुख आपला संगणक उघडतो. पडद्यावर येत्या रविवारचा तक्ता असतो. गीताचें नांव घालतांच तें कोणत्या स्वरांत गावयाचें, मिनिटास किती ठोके, कडवीं व ध्रुवपद कोणत्या क्रमानें यावयाचीं, आणि या मंडळीनें तें शेवटचें कधीं गाइलें, ही सर्व माहिती ओळीनें दिसूं लागते. गाणाऱ्याचा गळा वर पोंचत नसेल तर एक कळ दाबतांच सर्व वादकांचे कागद उतरलेल्या स्वरांत तयार होतात. वादकांस, ध्वनियोजकास आणि पडद्यावर शब्द दाखविणारास निरोप जातात. ज्याला येणें जमत नाहीं तो तेथल्या तेथें नकार कळवितो. कॅलिफोर्नियांतील कार्ल्सबाड येथील, २००६ सालीं निघालेली ‘प्लॅनिंग सेंटर’ ही संस्था या कामीं प्रसिद्ध आहे; तिच्यासारख्या दुसऱ्याही आहेत. सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. ज्यांनीं शनिवारीं रात्रीं अकरा वाजतां पेटीवाल्याच्या दारावर थाप मारून उद्यांचीं गीतें सांगितलीं असतील, ते तिची टवाळी करणार नाहींत. परंतु निवड कशी व्हावी याविषयींचें एक मत अशा साधनाच्या रचनेंतच दडलेलें असतें, आणि तें आजच्याच साधनांत आहे असें नव्हे. त्यासाठीं आपणांस साडेचारशें वर्षें मागें, कॅल्व्हिनच्या जिनीव्हा नगरांत जावें लागेल.

जिनीव्हांत उपासनेच्या वेळीं मुख्यतः बायबलांतील स्तोत्रसंहिता फ्रेंच पद्यांत उतरवून गात असत. क्लेमां मारो या कवीनें आरंभिलेला आणि थिओडोर द बेझ यानें पुढें चालविलेला हा पद्यानुवाद १५६२ सालीं पूर्ण झाला. दीडशें स्तोत्रें, त्यांस सुमारें सव्वाशें चाली, आणि छंद जवळजवळ एकशें दहा! म्हणजे बहुतेक स्तोत्रांचा छंद स्वतंत्र. एकाची चाल काढून दुसऱ्यास लावण्यास फारसा वावच नाहीं. पुस्तकाबरोबर एक कोष्टक छापलेलें असे. रविवारीं सकाळीं, रविवारीं दुपारीं आणि बुधवारीं कोणत्या स्तोत्राचा कोणता भाग गावयाचा हें त्यांत नेमून दिलेलें होतें, आणि त्या क्रमानें गेल्यास सारी स्तोत्रसंहिता पंचवीस आठवड्यांत, म्हणजे वर्षांतून दोन वेळां, मंडळीच्या मुखांतून जाई.

या कोष्टकांत एक कठोर न्याय आहे. येथें कोणीच निवडीत नाहीं. पाळक नाहीं, गायनाचा पुढारी नाहीं, लोकही नाहींत. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र घ्या. सर्व संहितेंत इतकें काळोखें स्तोत्र दुसरें नाहीं. इतर विलापांच्या अखेरीस आशेचा जो किरण डोकावतो तोही येथें नाहीं. आपल्या मर्जीनें निवडणारा कोणता पुढारी प्रसन्न रविवारीं सकाळीं हें लोकांच्या तोंडीं देईल? जिनीव्हांत तें ठरल्या दिवशीं येई आणि सर्वांस गावें लागे. ज्याच्या घरीं त्या आठवड्यांत मूल दगावलें असेल त्याला आपलें दुःख सर्व नगराच्या कंठांतून ऐकूं येई; ज्याच्या घरीं लग्न असेल त्याला तें बळेंच म्हणावें लागे. याला जुलूम म्हणावयाचें कीं औदार्य, याविषयीं मतभेद होऊं शकेल. आमच्या मतें त्यांत दोन्ही आहेत.

त्याच १५६२ सालीं लंडनांत जॉन डे या मुद्रकानें स्टर्नहोल्ड, हॉपकिन्स व इतर यांनीं केलेला इंग्रजी पद्यानुवाद छापला. येथें मात्र प्रकार उलट झाला. बहुतेक स्तोत्रें एकाच छंदांत उतरलीं: पहिल्या चरणांत आठ अक्षरें, दुसऱ्यांत सहा, पुन्हां आठ, पुन्हां सहा. इंग्रजींत यास ‘कॉमन मीटर’, म्हणजे साधारण छंद, म्हणतात. मराठी वाचकास यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरें असतात. ज्याला त्याची एक चाल येते त्याला तुकोबांची अर्धी गाथा गातां येते. पद छापतांना त्याच्या डोक्यावर ‘चाल’ असें लिहून दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध पदाचा आरंभ देण्याची जी रीत आपल्याकडील पदसंग्रहांत व संगीत नाटकांच्या पुस्तकांत होती, तिच्या मुळाशीं हीच युक्ति आहे. शब्द एकीकडून, चाल दुसरीकडून. दोहोंचें माप जुळलें म्हणजे लग्न लागलें.

स्कॉटलंडांत ही युक्ति पराकाष्ठेस गेली. तेथील १६१५ च्या स्तोत्रपुस्तकांत बारा ‘साधारण’ चाली एकत्र दिलेल्या आढळतात. त्या कोणत्याही एका स्तोत्राच्या नव्हेत, छंद जुळेल त्या सर्वांच्या. १६५० सालीं स्कॉटिश चर्चनें जो नवा पद्यानुवाद मंजूर केला त्यांत तर चाली छापल्याच नव्हत्या. शब्द सर्वांच्या हातीं, चाल एकाच्या ध्यानांत. हा एक म्हणजे ‘प्रिसेंटर’, गायनाचा पुढारी. तो उभा राहून एक ओळ म्हणे आणि मंडळी ती गाई. मग दुसरी ओळ. वाचतां न येणाऱ्यांसाठीं ही पद्धति वेस्टमिन्स्टर येथील धर्मपंडितांच्या उपासना-नियमावलींत १६४५ सालीं मान्य झाली होती. पुढें चालींचीं पुस्तकें निघालीं तेव्हां त्यांत एक मौजेची तऱ्हा आली: पानें मधोमध आडवीं कापलेलीं, वरच्या अर्ध्या पानांवर चाली, खालच्या अर्ध्यांवर स्तोत्रें. वरचें पान उलटा, खालचें पान उलटा, छंद जुळवा आणि गा. १९२९ चें स्कॉटिश स्तोत्रपुस्तक अशा कापलेल्या पानांचें आहे. दोन यादींतील ओळी एका खुणेच्या आधारें जोडणें हें जर आजच्या संगणकीय सूचीचें सार असेल, तर कात्रीनें कापलेलें हें पुस्तक तिची आजी म्हणावयास हरकत नाहीं.

आतां अटलांटिक समुद्र ओलांडूं. मॅसॅच्युसेट्समधील वसाहतवाल्यांनीं १६४० सालीं स्वतःचा पद्यानुवाद छापला; ‘बे साम बुक’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या अमेरिकेंत छापलेलें हें पहिलें पुस्तक. त्याची एक प्रत २०१३ सालीं एक कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलरांस विकली गेली, यावरून त्याची दुर्मिळता कळेल. यांतही चाली नव्हत्या. अखेरीस मात्र एक सूचना होती, ती आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोलाची आहे: या पुस्तकांतील पद्यें सहा प्रकारच्या छंदांत बसतात, अमुक प्रकारचीं स्तोत्रें रेव्हन्सक्रॉफ्टच्या पुस्तकांतील सुमारें चाळीस चालींवर म्हणतां येतात, अमुक प्रकारचीं अमक्या चालींवर. पुढाऱ्यानें चाल कशी शोधावी याचें हें छोटेंसें मार्गदर्शनच होय. प्रत्यक्ष चाली या पुस्तकांत आल्या त्या १६९८ च्या नवव्या आवृत्तींत, आणि त्याही तेरा. मधल्या साठ वर्षांत चाळीसांपैकीं फार थोड्या चाली लोकांच्या ध्यानांत उरल्या. साधन हाताशीं असूनही वापर आटत जातो, याचा हा पहिला दाखला.

याच सुमारास बॉस्टनच्या साउथ चर्चमध्यें सॅम्युएल सीवॉल नांवाचा एक न्यायाधीश चाल उचलण्याचें काम करी. हा तोच सीवॉल, ज्यानें १६९२ सालीं सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांत न्यायासनावर बसून निरपराध्यांस फांशीं देण्यास साहाय्य केलें आणि १६९७ सालीं याच चर्चमध्यें सर्वांसमक्ष उभें राहून आपल्या अपराधाची कबुली वाचविली. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. सुमारें चोवीस वर्षें त्यानें ही सेवा केली. १७०५ च्या डिसेंबरांत एकदां त्याला ‘विंडसर’ चाल धरावयाची होती, पण गळा भलत्याच चालींत शिरला. सांवरावयास गेला तों स्वर फार उंच लागला. पुढें १७१८ च्या फेब्रुवारींत तर तीन आठवड्यांत दोनदां असें झालें कीं, त्यानें ‘यॉर्क’ चाल धरावी आणि दुसऱ्या फेरीस सज्जावरील मंडळीनें ती ओढून ‘सेंट डेव्हिड्स’ मध्यें न्यावी. दोन्ही चाली साधारण छंदाच्या, तोंडवळा थोडासा सारखा. सज्जावरच्यांना दुसरी अधिक सवयीची. म्हाताऱ्याचा धीर खचला. आपल्याच्यानें आतां हें होत नाहीं असें सांगून त्यानें काम सोडलें.

आम्हांस हा प्रसंग फार बोलका वाटतो. चाल कोणती, हें ठरविण्याचा अधिकार सीवॉलचा होता. परंतु अंमल सज्जानें केला, आणि तोही ठराव करून नव्हे, नुसत्या कंठबळानें. पुढल्याच दोन-तीन वर्षांत न्यू इंग्लंडांतील पाळकांनीं नोटेशन वाचून ‘नियमानें’ गाण्याची चळवळ आरंभिली. टामस वॉल्टर व जॉन टफ्ट्स यांचीं संगीतशिक्षणाचीं पुस्तकें १७२१ च्या सुमारास निघालीं. जुन्या वळणाच्या लोकांनीं तिला कसून विरोध केला. सुशिक्षितांचें म्हणणें खोटें नव्हतें. पुष्कळ मंडळ्यांतून बोटांवर मोजण्याइतक्याच चाली उरल्या होत्या, आणि त्याही एकमेकींत मिसळलेल्या. तथापि विरोधकांनाही एक गोष्ट कळत होती. आजवर चाल लोकांच्या गळ्यांत होती, ती यापुढें कागदावर जाणार. आणि कागद ज्याला वाचतां येतो तोच धनी होणार.

शब्द व चाल यांचा हा मोकळा संसार किती फलदायी होऊं शकतो याचें एकच उदाहरण देतों. जॉन न्यूटन यानें ‘अमेझिंग ग्रेस’ हें गीत १७७३ सालच्या पहिल्या दिवसाच्या उपदेशासाठीं रचलें. तें १७७९ सालीं ‘ओल्नी’ गीतसंग्रहांत छापलें गेलें, अर्थात् चालीवांचून. आज ज्या चालीशिवाय तें ऐकण्याची कल्पनाही करवत नाहीं, ती अमेरिकेंत विल्यम वॉकर यानें ‘सदर्न हार्मनी’ या १८३५ च्या संग्रहांत त्याला लावली. न्यूटन तेव्हां मरून अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं. शब्द इंग्लंडचे, चाल अमेरिकेची; मध्यस्थी केली ती आठ-सहा, आठ-सहा या मापानें. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, या चालींत मध्यम व निषाद नाहींत. स्वर आपल्या भूपाचेच आहेत, आणि कदाचित् म्हणूनच ती आपल्या कानास परकी वाटत नाहीं.

हा संसार मोडला तो १८६१ च्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या संग्रहानें. निदान बांधून टाकला तो त्यानेंच. २७३ गीतें, आणि प्रत्येक गीताखालीं त्याची म्हणून ठरविलेली चाल. संगीताचा संपादक विल्यम हेन्री मंक यानें कित्येक चाली स्वतः केल्या. ‘अबाइड विथ मी’ ची सर्वपरिचित चाल त्याचीच, याच पुस्तकासाठीं केलेली. संग्रहाचा क्रम इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाच्या पंचांगास धरून होता, त्यामुळें अमुक सणास कोणतें गीत हा प्रश्नही निम्मा सुटला. भिंतीवर लांकडी पाटी, तिच्यांत सरकविलेले आंकडे, आणि हातांत पुस्तक, अशी व्यवस्था पुढें शंभर वर्षें चालली. येथून पुढें निवडीचा खरा अधिकार संपादक-मंडळाकडे गेला. पाळक निवडी, पण संपादकांनीं निवडलेल्यांतून.

हीच मापें व हेंच पुस्तकी वळण घेऊन अमेरिकन मिशनरी आपल्याकडे आले. त्यांचें मराठी मिशन १८१३ सालीं मुंबईस सुरू झालें व १८३१ पासून त्याचें मोठें ठाणें अहमदनगर येथें झालें. तेथील हेन्री बॅलंटाइन यांनीं पुष्कळ गीतें पाश्चात्य चालींत बसवून मराठींत आणलीं. परंतु लघुगुरूंच्या भाषेवर आघातांचें माप लादलें म्हणजे काय होतें हें ज्यानें अशीं गीतें ऐकलीं आहेत तो जाणतो. शब्दाचा एक पाय लांब पडतो, एक आंखूड. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत नगरकडेच कृष्णराव रत्नाजी सांगळे प्रभृतींनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें, आणि पुढें नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती झाल्यावर अभंग, पदें, भजनें रचून मराठी मंडळीस तिचा स्वतःचा कंठ मिळवून दिला. आमच्या विषयाशीं याचा संबंध एवढाच, परंतु महत्त्वाचा: कीर्तनांत व भजनांत ध्रुवपद किती वेळां घोळावयाचें, कोणत्या कडव्यावर थांबावयाचें, हें आधीं लिहून ठेवीत नाहींत, समोरची मंडळी पाहून गाणारा तें ठरवितो. संगणकाच्या तक्त्यांत मात्र त्यासाठीं आधींच भरावयाचा रकाना असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सूचीकारांनीं जें काम केलें त्यास तोड नाहीं. अमेरिकेच्या हिम सोसायटीच्या आश्रयाखालीं लेनर्ड एलिनवुड यांनीं आरंभिलेल्या सूचींत १६४० पासूनच्या हजारों गीतपुस्तकांतील दहा लाखांहून अधिक नोंदी, गीताच्या पहिल्या ओळीवरून, टिपल्या गेल्या. आधीं खर्ड्याच्या पत्त्यांवर, मग संगणकांत. इलिनॉय विद्यापीठांत निकोलस टेंपरली यांनीं चालींची अशीच सूचि केली. तिचे चार खंड १९९८ सालीं ऑक्सफर्डनें छापले. इंग्रजी शब्दांबरोबर १५३५ पासून १८२० पर्यंत छापल्या गेलेल्या सतरा हजारांहून अधिक चाली तींत आहेत. त्या शोधावयाच्या कशा, तर सरगमीनें! सा ला एक, रे ला दोन, याप्रमाणें स्वरांस आंकडे दिलेले आहेत. जिनीव्हाहून निघून सर्व जगभर पसरलेली ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चाल सा सा नि ध प सा रे ग अशी सुरू होते. तेवढे आठ आंकडे घातले कीं ती कोठें कोठें छापली गेली तें समोर येतें. पुढें कॅल्व्हिन महाविद्यालयांत उभ्या राहिलेल्या ‘हिम्नरी’ या सार्वजनिक सूचींत एलिनवुडांचें हें भांडार सामावलें गेलें, आणि आज खेड्यांतील पाळकासही घरबसल्या गीताचा छंद, कर्ता, चाली आणि त्यास लागू पडणारें शास्त्रवचन पाहतां येतें. सीवॉलच्या हाताशीं तेरा चाली होत्या. त्याच्या आजच्या वारसापाशीं हजारों आहेत.

मग गाइल्या जातात किती?

येथें एक व्यवहारी गोष्ट मध्यें येते. विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत गिटारवर म्हणावयाचीं नवीं गीतें झपाट्यानें निघूं लागलीं. छापील पुस्तक त्यांच्या वेगास पुरेना. मंडळ्यांनीं शब्द टंकून प्रती काढल्या, पारदर्शक पत्र्यांवर लिहून भिंतीवर पाडले. आणि बहुतेकांनीं कोणाची परवानगी विचारली नाहीं. एका प्रकाशकानें शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर खटला भरला. १९८४ सालीं ज्यूरीनें तीस लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. वरच्या न्यायालयानें त्यांतील मोठा भाग पुढें काढून टाकला, पण धडकी भरावयाची ती भरली. याच भीतीच्या काळांत पोर्टलंड येथें हॉवर्ड रॅचिन्स्की यांच्या खटपटीनें परवाने देणारी एक संस्था आकारास आली, व १९८८ पासून ‘सी. सी. एल. आय.’ या नांवानें ती प्रसिद्ध झाली. मंडळीनें वर्षाची वर्गणी भरावी, कोणतीं गीतें वापरलीं तें कळवावें, आणि त्या हिशेबानें कवि-संगीतकारांस पैसे मिळावे, अशी ही न्याय्य योजना आहे. कवीनें उपाशीं राहून मंडळीस गाणीं पुरवावींत असें म्हणणारास आमची सहानुभूति नाहीं.

परंतु हिशेब ठेवला म्हणजे बेरीज होते, आणि बेरीज झाली म्हणजे यादी निघते. कोणतीं शंभर गीतें सर्वांत अधिक गाइलीं जातात, हें आतां कळूं लागलें. जी यादी मानधन वांटण्यासाठीं ठेवलेल्या हिशेबांतून निघाली, तीच पुढल्या रविवारची निवड करणारी झाली. इतर मंडळ्या काय गातात तें पाहून गायनप्रमुख गीत घेतो. त्यानें घेतल्यामुळें तें यादींत आणखी वर चढतें. २०१० ते २०२० या काळांत दोन प्रमुख याद्यांच्या पहिल्या पंचविसांत आलेल्या अडतीस गीतांचा अभ्यास काहीं संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांपैकीं छत्तीस गीतांचा संबंध केवळ चार बड्या चर्चांशीं निघाला: कॅलिफोर्नियांतील बेथेल, सिडनीचें हिल्साँग, अटलांटाचें पॅशन सिटी आणि शार्लटचें एलिव्हेशन. आणखी एका अभ्यासांत दिसून आलें कीं, १९९० च्या पुढील कांहीं वर्षांत नवें गीत लोकप्रियतेच्या शिखरावर चढून उतरण्यास दहा-बारा वर्षें लागत, तेथें आतां तीन-चार लागतात. म्हणजे आईनें शिकलेलें गीत मुलगी ऐकण्याच्या वयास येते तों तें यादींतून गेलेलें असतें.

पडद्यावर फक्त शब्द असतात, स्वरलिपि नसते, ही गोष्टही ध्यानांत घेण्यासारखी आहे. एका अर्थानें आपण १६५० च्या स्कॉटलंडांत परत आलों: शब्द सर्वांपुढें, चाल पुढाऱ्यापाशीं. परंतु एक भेद आहे. मोठ्या मंडळ्यांतून आज वादकांच्या कानांत ठोक्याचें यंत्र असतें. गति दशांशापर्यंत नेमलेली, पाठीमागें आधींच मुद्रित केलेले सूर, आणि शब्दांचीं चित्रें त्याच ठोक्यावर उलटणारीं. अशा सभेंत सज्जावरच्यांनीं ‘यॉर्क’ सोडून ‘सेंट डेव्हिड्स’ धरली, तर काय होईल? कांहींच नाहीं. त्यांचा आवाज ऐकूंच येणार नाहीं. सीवॉलची फजिती आतां होणें शक्य नाहीं, हें मान्य; पण ज्या बळानें ती झाली तें बळही त्याबरोबर गेलें.

यावरून जुनें तें सर्व सोनें, असा आमचा पक्ष आहे असें कोणी समजूं नये. बारा चालींत जन्म काढणारी स्कॉटिश मंडळी, किंवा संपादकांच्या आवडीपलीकडे न जाणारें व्हिक्टोरिया राणीच्या काळचें पुस्तक, यांत संकोच कमी नव्हता. गीत वेळेवर न ठरल्यामुळें बिघडलेल्या उपासना आम्हीं पाहिल्या आहेत, आणि एकाच पेटीवाल्याच्या पांच आवडत्या गीतांवर वर्ष काढणारी मंडळीही पाहिली आहे. संकोच यंत्रानें आणला नाहीं. यंत्राला जो प्रश्न विचारावा त्याचेंच उत्तर तें देतें, आणि हल्लीं त्याला बहुधा ‘इतर काय गातात?’ एवढेंच विचारतात. जिनीव्हाच्या कोष्टकाचा प्रश्न निराळा होता: ‘आपण काय गाइलें नाहीं?’

स्कॉटलंडच्या पश्चिमेस लुइस बेटावर गेलिक भाषेंतील स्तोत्रगायन अजून जुन्या रीतीनें चालतें. २०१० सालीं तेथील फ्री चर्चनें गीतें व वाद्यें यांस मोकळीक दिली, तरी पुढाऱ्यानें ओळ म्हणावी आणि मंडळीनें ती आपापल्या गळ्याच्या वळणांनीं, कोणी पुढें कोणी मागें, लाटेसारखी उचलावी, हा प्रकार तेथें टिकून आहे. ज्यानें तो ऐकला आहे त्याला मिनिटास किती ठोके, हा प्रश्न सुचतच नाहीं. पण सर्व जगानें लुइस व्हावें असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. तेथील कंठ तीन शतकांच्या सवयीचा आहे.

संगणकाच्या तक्त्यांत गीताच्या नांवासमोर तें शेवटचें कधीं गाइलें याचा जो रकाना असतो, त्याचा उपयोग गायनप्रमुख सामान्यतः एवढाच करतो कीं, गेल्या रविवारचें गीत या रविवारीं पुन्हां येऊं नये. नोंदी नीट ठेवल्या असल्या तर त्या रकान्यावरून यादी उलट्या क्रमानेंही लावतां येते. तसें केलें म्हणजे सर्वांत वर तें गीत येतें, जें या मंडळीनें सर्वांत अधिक दिवस गाइलेलें नाहीं.